गिटार ॲम्प्लिफायरला स्प्रिंग रिव्हर्ब : आठ ओहमची टाकी आणि ड्रायव्हरचा पेच

वडगावचा_कोष्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. रात्री माग थांबले की त्याच खोलीच्या कोपऱ्यात मी गिटार घेऊन बसतो. गेल्या वर्षी मी स्वतः एक ॲम्प्लिफायर बांधला. पुढे टीएल०७२ हा सिग्नल वाढवणारा ऑप-ॲम्प आयसी, मागे स्पीकर चालवणारी २० वॉटची एलएम१८७५, पुढच्या भागाला अधिक-उणे १५ व्होल्ट आणि मागच्याला अधिक-उणे २५ व्होल्ट. तो स्वच्छ वाजतो. इतका स्वच्छ वाजतो, की तार छेडली आणि सोडली की मागे काहीच उरत नाही. म्हणून त्यात स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगांतून आवाज फिरवून पडसाद देणारी सोय, बसवावी असे मनात आले.

एका विक्रेत्याकडून वापरलेली लांब टाकी (या स्प्रिंगांचा पत्र्याचा डबा) मागवली. तिच्यावर ४एबी३सी१बी असा शिक्का आहे. विक्रेत्याने ‘कुठल्याही ॲम्प्लिफायरला चालते’ असे सांगितले आणि मी ते खरे मानले, ही माझी चूक. टीएल०७२ च्या आउटपुटमधून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊन तो थेट टाकीच्या इनपुटला जोडला, आणि टाकीचे आउटपुट दुसऱ्या टीएल०७२ ला. आवाज येतो, पण पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. खालचे स्वर नाहीत, वरचे किंचाळतात आणि या सगळ्यावर घूं घूं असा एक जाड हम पसरलेला आहे. मल्टिमीटरने इनपुट मोजले तर एक ओहमसुद्धा भरत नाही. आउटपुटला साधारण २०० ओहम दिसतात.

प्रश्न असे : इनपुटची क्वाइल शॉर्ट झाली आहे का? नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे टाकीला सिग्नल पुरवणारा भाग, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा करावा की ट्रान्झिस्टरचा? आणि टाकी खरोखरच बिघडलेली असेल, तर मागाच्या स्प्रिंगांपासून घरीच नवी करता येईल का?

खानापूरकर

टाकी बिघडली असेल तर प्लंबरला बोलवा. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याच टाक्या भरून वाहतात.

निवृत्त_अध्यापक

प्रथम शंकेचे निरसन करतो. क्वाइल शॉर्ट झालेली नाही. शिक्क्यातले ८ ओहम हे १ किलोहर्ट्झला मोजलेले आहेत. मल्टिमीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध मोजतो आणि या प्रकारच्या टाकीत तो सुमारे ०.८ ओहम असतो. तुमची दोन्ही मापे निरोगी टाकीची आहेत.

आता शिक्का वाचू. पहिला ४ म्हणजे लांब प्रकारची टाकी. ए म्हणजे इनपुट ८ ओहम, बी म्हणजे आउटपुट २२५० ओहम. ३ म्हणजे दीर्घ लय, आवाज विरायला पावणेतीन ते चार सेकंद घेणारी. सी म्हणजे इनपुटचा सॉकेट पत्र्यापासून अलग आणि आउटपुटचा पत्र्याला जोडलेला. हे अक्षर लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. नंतरचा १ म्हणजे स्प्रिंगांना अडकवून ठेवणारे कुलूप नाही. शेवटचा बी म्हणजे उघडी बाजू खाली करून आडवी बसवायची टाकी.

तुमचा पत्र्याचा आवाज कपॅसिटरमुळे येतो. १ मायक्रोफॅरडचा विरोध १ किलोहर्ट्झला जवळजवळ १६० ओहम आणि ३०० हर्ट्झला ५०० ओहमांहून अधिक होतो. आठ ओहमच्या क्वाइलपुढे एवढी भिंत उभी केल्यावर खालचे स्वर पलीकडे पोचणार कसे? वर साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास मात्र तोच कपॅसिटर आणि क्वाइल यांचा अनुनाद होतो, म्हणून तिथे किंचाळी.

पण कपॅसिटर मोठा केल्याने प्रश्न सुटणार नाही. या टाकीला सुमारे २८ मिलिअँपिअर प्रवाह हवा असतो. टीएल०७२ हा दोन किलोओहम आणि त्यावरच्या भारासाठी केलेला आयसी आहे. त्याच्याकडून हे काम घेणे म्हणजे सायकलला नांगर जुंपणे.

व्हॉल्व्ह_आणि_वात

अध्यापक सरांनी निदान अचूक केले, पण उपचार माझ्याकडून ऐका. ही टाकी ज्या मंडलासाठी जन्मली त्या मंडलातच ती शोभते. हॅमंड ऑर्गनसाठी तयार झालेला स्प्रिंगांचा रिव्हर्ब फेंडरने १९६१ मध्ये स्वतंत्र पेटीच्या रूपाने गिटारवादकांना दिला आणि १९६३ मध्ये तो ॲम्प्लिफायरच्या आत बसवला. फेंडरच्या अशा ॲम्प्लिफायरांत १२एटी७ या व्हॉल्व्हचे दोन्ही भाग समांतर जोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरला चालवतात आणि ट्रान्सफॉर्मरची ८ ओहमची बाजू टाकीला जाते. व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी ५०० पिकोफॅरड आणि १ मेगाओहम अशी जोडी आहे. हिशेब करा, सुमारे ३१८ हर्ट्झच्या खालचे स्वर तिथेच पातळ होतात. स्प्रिंगेत जाड स्वर घातले की चिखल होतो, हे त्या लोकांना ठाऊक होते.

मी जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर वापरून हे केले आहे. आवाजात जो ओलावा येतो तो आयसीतून कधीच येत नाही.

निवृत्त_अध्यापक

ओलावा स्प्रिंगेचा आहे, व्हॉल्व्हचा नाही. स्प्रिंगेला प्रवाह कुणी पाठवला हे कळत नाही, किती पाठवला एवढेच कळते. शिवाय रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू पाच-सात किलोओहमांची आणि मूळ मंडलातली वीस किलोओहमांच्या पुढची. तुमचा १२एटी७ त्यावर दमत असणार.

व्हॉल्व्ह_आणि_वात

दमतो, हे मान्य. पण दमलेला गवईसुद्धा कधीकधी गोड गातो.

उद्यमबागचा_टर्नर

मी कारखान्यात लेथवर काम करतो आणि इलेक्ट्रॉनिक्समधले फार कळत नाही. तरी एक गोष्ट सांगतो. त्या व्हॉल्व्हच्या मंडलात ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाला असा झटका बसला, की हात आठवडाभर जड होता. कोष्टीदादा, तुमच्याकडे आधीच अधिक-उणे १५ चा पुरवठा आहे. केवळ रिव्हर्बसाठी ४०० व्होल्ट घरात आणू नका.

स्प्रिंगांबद्दल मात्र मी अधिकाराने बोलतो. मागाची स्प्रिंग भार ओढण्यासाठी असते, तिची तार जाड असते. टाकीतल्या स्प्रिंगेची तार एक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही बारीक असते. जाड स्प्रिंगेच्या टोकाला ठोका दिला तर ‘धप्’ होईल, ‘झिर्र’ होणार नाही.

वडगावचा_कोष्टी

टर्नरमामा, तुमचे अक्षरशः खरे ठरले. तुमचा प्रतिसाद वाचण्याआधीच मी काल मागांच्या फिटरकडे जाऊन बारीक स्प्रिंगा मागितल्या होत्या. तो अर्धे कानडी, अर्धे मराठी बोलतो. म्हणाला, ‘‘मागाला पाहिजेत की गाण्याला, ते आधी सांगा की ओ.’’ गाण्याला म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. दोन स्प्रिंगा एका लाकडी चौकटीत ताणल्या, एका टोकाला जुन्या हेडफोनचा स्पीकर चिकटवला आणि दुसऱ्याला कंपने पकडणारी पिएझोची चकती. निघालेला आवाज विहिरीत बादली आपटल्यासारखा होता. मुलांना तो फार आवडला. गिटारला त्याचा उपयोग नाही.

निवृत्त_अध्यापक

प्रयोग उत्तम केलात. फरक केवळ तारेच्या जाडीचा नाही. तुमचा हेडफोन स्प्रिंगेला पुढे-मागे ढकलतो. खऱ्या टाकीत स्प्रिंगेच्या टोकाला एक इवलासा चुंबक असतो आणि तो लोखंडी गाभ्याच्या फटीत लटकत असतो. क्वाइलमधला प्रवाह बदलला की चुंबक पिळला जातो, म्हणजे लाट ताणाची नसून पिळाची असते. ती दुसऱ्या टोकाला पोचून तिथला चुंबक हलवते, थोडी परत फिरते, पुन्हा येते. लांब टाकीत एका स्प्रिंगेतून लाट जायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात आणि दुसरीतून सुमारे ४१. दोन्ही सारख्या ठेवल्या असत्या तर ठरावीक अंतराने ठकठक ऐकू आली असती.

३३ मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे ११ मीटर जातो. म्हणजे साडेपाच मीटरवरच्या भिंतीवरून परतलेला पडसाद ४३ सेंटिमीटरच्या डब्यात मावतो. शिवाय स्प्रिंगेत सगळे स्वर एका वेगाने धावत नाहीत, म्हणून एखादा कडक ठोका पलीकडे पोचेपर्यंत लांबून ‘च्युंव’ असा होतो. चार-पाच किलोहर्ट्झच्या पुढे तर स्प्रिंग जवळजवळ काहीच नेत नाही. रिव्हर्बचा आवाज गडद वाटतो तो यामुळे.

कॅम्पातला_बासवाला

लग्नसमारंभांत आणि कधी रविवारी चर्चमध्ये वाजवणारा माणूस म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. कॅम्पातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये गिटारला वेगळा रिव्हर्ब लागतच नाही. टाळी वाजवा, ती छताला जाऊन सावकाश परत येते. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरातही दगडाचा असाच पण लहान पडसाद आहे. स्प्रिंगेचा आवाज या दोन्हींसारखा नसतो. त्यात खोली नसते, थेंब असतो. ज्यांना सभागृहाचा भास हवा आहे त्यांची स्प्रिंग निराशा करते, आणि ज्यांना तो थेंबच हवा आहे त्यांचे दुसऱ्या कशाने भागत नाही. कोष्टीदादांनी आधी हे ठरवावे.

निपाणीचा_संशयी

माझ्या मते हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे. पीटी२३९९ हा पाच व्होल्टवर चालणारा स्वस्त आयसी मिळतो, आणि तसे तीन आयसी एकत्र बसवलेली तयार वीटही मिळते. हम नाही, टाकी नाही, ३३ आणि ४१ चा हिशेब नाही. पोस्टाच्या पाकिटात मावणारी वस्तू सोडून दीड वीत लांबीचा पत्रा कशाला उचलायचा?

कॅम्पातला_बासवाला

जवळजवळ दोन विती आहे हो. माझ्याकडे अशी वीट बसवलेला पेडल आहे आणि प्रवासात तोच नेतो. पण जोरात छेडले की स्प्रिंग जशी उसळते, तशी वीट उसळत नाही. ती सभ्य आहे.

चिकोडी_साउंड

आम्ही कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा भाड्याने देतो. स्प्रिंगेची टाकी असलेला ॲम्प्लिफायर टेम्पोत चालू स्थितीत ठेवू नका, एवढाच अनुभव सांगतो. एकदा स्टेजवर कुणीतरी असा ॲम्प्लिफायर पायाने सरकवला आणि स्पीकरमधून वीज कोसळल्यासारखा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतील आजी उठून घरी गेल्या.

वडगावचा_कोष्टी

निपाणीकरांचा मुद्दा मी नाकारत नाही, पण मला तो थेंबच हवा आहे आणि टाकीचे पैसे आधीच गेले आहेत. अध्यापक सर, व्हॉल्व्हशिवायचा मार्ग कृपया तपशिलाने सांगाल का? ८ ओहमऐवजी दुसरी टाकी घेतली असती तर काम सोपे झाले असते का?

निवृत्त_अध्यापक

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. शिक्क्यात दुसऱ्या जागी ई असता तर इनपुट ६०० ओहम असते आणि ३ मिलिअँपिअरच्या थोड्या वर प्रवाह पुरला असता. ४ किलोहर्ट्झला त्या क्वाइलचा विरोध २४०० ओहम होतो. तिला तेवढाच प्रवाह द्यायचा म्हणजे साडेसात व्होल्ट, शिखर साडेदहा. अधिक-उणे १५ वर टीएल०७२ हे निमूटपणे करतो. सध्याच्या आयसीवाल्या मंडलांत ती टाकी दिसते ती याच कारणाने. तुमच्या टाकीला व्होल्ट नगण्य लागतात, ४ किलोहर्ट्झलाही एक व्होल्टच्या आत काम भागते. तिला प्रवाह हवा.

क्वाइलचा विरोध वारंवारितेबरोबर वाढतो : १ किलोहर्ट्झला ८, २ ला १६, ४ ला ३२ ओहम. ठरावीक व्होल्ट दिले तर वरच्या स्वरांना प्रवाह कमी मिळतो आणि रिव्हर्ब घोगरा होतो. म्हणून टाकीला व्होल्ट न देता प्रवाह मोजून द्यावा. ऑप-ॲम्पच्या आउटपुटनंतर बीडी१३९ आणि बीडी१४० ही ट्रान्झिस्टरांची जोडी लावा, त्यांच्या बेसमध्ये दोन डायोड घाला. जोडीचे आउटपुट टाकीच्या इनपुटच्या एका टोकाला. टाकीचे दुसरे टोक ऑप-ॲम्पच्या उलट्या इनपुटला, आणि तिथूनच १८ ओहमचा रोध जमिनीला. सिग्नल सुलट्या इनपुटला द्या. आता ०.५ व्होल्ट आत गेला की ऑप-ॲम्प काहीही करून त्या १८ ओहमवर ०.५ व्होल्ट आणतो, म्हणजे क्वाइलमधून २८ मिलिअँपिअर जातातच, स्वर खालचा असो वा वरचा. क्वाइलला समांतर २२० ओहम जोडा, नाहीतर मंडल स्वतःच शिट्टी वाजवू लागण्याची शक्यता आहे.

क्वाइलचे एकही टोक इथे जमिनीला नाही, म्हणून मघाशी शिक्क्यातले सी अक्षर लक्षात ठेवायला सांगितले होते. तरी टाकी वापरलेली आहे. इनपुट सॉकेटची बाहेरची कडी आणि पत्रा यांच्यात मल्टिमीटर लावून ती अलग असल्याची खात्री करा. आधीच्या मालकाने काय केले असेल ते शिक्का सांगत नाही.

ड्रायव्हरच्या आधी खालचे स्वर कापा. व्हॉल्व्हवाल्यांचा ३१८ हर्ट्झचा आकडा मला मान्य आहे. तेवढ्यापुरते आमचे एकमत समजावे.

व्हॉल्व्ह_आणि_वात

तारीख लिहून ठेवतो.

उद्यमबागचा_टर्नर

हमबद्दल कुणीच बोलले नाही. कोष्टीदादा, टाकीचे कोणते टोक ट्रान्सफॉर्मरकडे आहे?

वडगावचा_कोष्टी

आउटपुटचे. तारा त्या बाजूने आखूड पडत होत्या.

निवृत्त_अध्यापक

मग हम कुठून येतो हे वेगळे शोधायला नको. आउटपुटची क्वाइल काही मिलिव्होल्टच देते आणि तुम्ही तो सिग्नल शंभरेक पट वाढवता. ती क्वाइल आणि तिचा लोखंडी गाभा म्हणजे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पकडणारे उत्तम यंत्र आहे. टाकीच्या आउटपुटची वायर काढून पाहा. हम गेला तर तो टाकीच पकडते आहे. राहिला तर जमिनीची जोडणी किंवा रेक्टिफायरनंतरचा फिल्टर तपासा. तो हम १०० हर्ट्झचा आणि अधिक खरखरीत असतो. टाकी उलटी फिरवा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून शक्य तितके दूर न्या, मग हेडफोन लावून टाकी हाताने थोडी थोडी तिरपी करत सर्वांत शांत कोन शोधा. ॲल्युमिनियमचा पत्रा ५० हर्ट्झला अडवत नाही, पोलादाचा काही प्रमाणात अडवतो.

उद्यमबागचा_टर्नर

पोलादाचा पत्रा वाकवून हवा असेल तर माप पाठवा. कारखान्यात तुकडे पडलेले असतात.

खानापूरकर

आता गंभीरपणे एक सांगतो, कारण वर टाकी भरून वाहण्याचा विनोद मीच केला होता. माझी टाकी जांबोटीजवळच्या घरी होती. दोन पावसाळ्यांत आरसीए सॉकेटांवर हिरवा थर आला आणि एका स्प्रिंगेच्या आकड्यावर गंज. आवाज एका बाजूने लंगडा झाला होता. सॉकेट घासल्यावर निम्मा सुधारला. जूनच्या आधी पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि स्प्रिंगांना तेल कधीही लावू नका. मी लावले होते, ती कहाणी विचारू नका.

निपाणीचा_संशयी

विचारतो. काय झाले?

खानापूरकर

तेलाला धूळ चिकटली, धुळीला मुंगी आली. रिव्हर्ब चालू केल्यावर तिची पावले ऐकू येत होती, असे मी सर्वांना सांगतो.

वडगावचा_कोष्टी

तीन आठवड्यांनी हजेरी लावतो आहे. बीडी१३९ आणि १४० बेळगावातच मिळाले, आरसीएच्या चांगल्या वायरी पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाच्याने आणल्या.

इनपुटची कडी पत्र्याला जोडलेलीच निघाली! शिक्क्यात सी असूनही आधीच्या मालकाने आतून एक तार डागली होती. सरांनी तपासायला सांगितले नसते तर १८ ओहमचा रोध तिथेच शॉर्ट झाला असता आणि मी पुन्हा टाकीला दोष देत बसलो असतो. ती तार तोडली. ड्रायव्हर पहिल्या झटक्यात चालला, फक्त २२० ओहम विसरलो होतो तेव्हा खरोखरच बारीक शिट्टी येत होती.

टाकी फिरवली, टर्नरमामांनी दिलेला पोलादी पत्रा मध्ये उभा केला. शांत कोन शोधताना टाकी जवळजवळ पंधरा अंश तिरपी झाली. दिसायला विचित्र आहे, पण हम आता कान लावल्याशिवाय कळत नाही. रिकव्हरीला, म्हणजे टाकीचे आउटपुट वाढवणाऱ्या भागाला, टीएल०७२ च्या जागी एनई५५३२ घातला, सळसळ थोडी कमी झाली. गिटारचा आवाज जसा हवा होता तसा आला आहे. जोरात छेडले की तो थेंब पडतो.

मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर ट्रान्झिस्टर हे आहे. व्हॉल्व्हवाल्यांकडे येऊन त्यांचा आवाज एकदा ऐकायची इच्छा मात्र आहे.

एक नवी अडचण आहे. दिवसा शेजारचे माग चालू असताना रिव्हर्बचा नॉब वर केला, की गिटारला हातही न लावता स्पीकरमधून मागाचा ठोका येतो. जमिनीतून पेटीत, पेटीतून टाकीत. ऐकायला वाईट नाही, पण त्याची लय माझी नाही.

चिकोडी_साउंड

टाकी पेटीच्या तळाला स्क्रूने घट्ट आवळली आहे का? असेल तर सोडवा. खाली मऊ फोम घाला, टाकी पिशवीत ठेवा आणि वायरी ताणलेल्या नकोत.

निवृत्त_अध्यापक

रिकव्हरीलाही १०० हर्ट्झच्या खाली कात्री लावा. ठोक्याचा बराच भाग तिथे जाईल. सगळा जाणार नाही.

खानापूरकर

मागांची वीज जाईल तेव्हा वाजवा.

वडगावचा_कोष्टी

माग आणि ॲम्प्लिफायर एकाच लाइनवर आहेत, खानापूरकर. फोम घालून पाहतो आणि कळवतो.